आण्णांच्या पेंटॅक्समध्ये फिल्मच्या जागी सेन्सर : तीन ठिकाणी अडलोय, मदत करा

घाटावरचा (सांगली) | ९ जून २०२४, रात्री १०:४२

मंडळी, धागा लांबणार आहे, सुरुवातीलाच सांगतो.

गणपती पेठेत आमचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आण्णांचा, फोटो स्टुडिओ होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, त्या आठवड्यात दुकान छतापर्यंत बुडालं. एन्लार्जर, पडदे, दिवे आणि निगेटिव्हची तीन कपाटं गेली. चिखल काढताना आण्णा एकेक पट्टी उन्हाला धरून बघायचे. इमल्शन हातालाच यायचं. चौथ्या दिवशी ते दुकानात यायचे थांबले. त्यानंतर शटर वर गेलं ते फक्त जागा रिकामी करून द्यायला.

पेंटॅक्स के-१००० तेवढा घरी माळ्यावर होता, म्हणून वाचला. सोबत ५० मिमी एफ/२ लेन्स. लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप, पासपोर्ट, सगळं आण्णांनी यावरच काढलं. आता त्यांचं वय ७९. मी त्यांना चांगला फोन घेऊन दिला. फोन हातात आला की त्यांचा डावा हात खाली जाऊन फोकसची रिंग चाचपतो, आणि दोन फोटोंनंतर ते फोन परत देतात. पेंटॅक्स दिला तर रोल नसतानाही अर्धा तास त्याच्या बघायच्या खिडकीला डोळा लावून बसतात. लिव्हर ओढतात, बटण दाबतात, पुन्हा ओढतात.

हाच कॅमेरा त्यांच्या हातात असावा आणि त्यातून फोटो निघावा, एवढंच मला हवं आहे. रास्पबेरी पाय झिरो टू डब्ल्यू (हा छोटासा संगणक, पुढे नुसतं 'पाय' म्हणतो) आणि त्याच कंपनीचा एचक्यू कॅमेरा, म्हणजे उजेड टिपणारा आयएमएक्स४७७ सेन्सर, १२.३ मेगापिक्सेलचा, असं सामान आणलं. मागच्या दाराच्या जागी थ्रीडी प्रिंट केलेलं दार लावलं. मूळ दार बिजागरीची पिन काढून कपड्यात गुंडाळून ठेवलंय. कॅमेऱ्याला कुठेही कानस लावलेली नाही आणि लावणारही नाही.

आता अडचणी. पहिली, शटर १/१२५ सेकंदाला ठेवलं तर फोटो पूर्ण काळा येतो, अर्ध्या सेकंदाला कधी अर्धा येतो, कधी काहीच नाही. हॉट-शूच्या, म्हणजे वर फ्लॅश बसवायच्या खाचेच्या, संपर्कावरून पायला इशारा देतोय. दुसरी, जे काही दिसतं ते धूसर, रिंग कितीही फिरवली तरी. तिसरी, माधवनगर रस्त्याला उसाचा फड टिपला तर तो गुलाबी आला. हिरवा रंग औषधाला नाही.

फिल्लमबाज (कऱ्हाड) | ९ जून, रात्री ११:२०

पुराचं वाचून वाईट वाटलं. पण स्पष्ट लिहितो, राग मानू नका. के-१००० हा १९७६ ते १९९७ असा एकवीस वर्षं निघालेला पूर्ण यांत्रिक कॅमेरा. त्यातली बॅटरी फक्त मीटरच्या काट्यासाठी, ती काढून टाकली तरी शटर एका सेकंदापासून १/१००० पर्यंत चालतं. अशा यंत्रात वायरी घालायला माझा जीव होत नाही. कृष्णधवल रोल आजही मिळतो. मी घरी डी-७६ डेव्हलपरमध्ये धुतो. एप्रिल-मे मध्ये नळाचं पाणी तिशीच्या वर असतं, तेव्हा परातीत बर्फ घालून रसायन २० अंशांवर आणतो. बाथरूमच्या दाराला गोधडी लावली की डार्करूम तयार. आण्णांना ही कला येत असणारच. त्यांना रोलच आणून द्या.

घाटावरचा | १० जून, सकाळी ७:०५

राग कसला. तुम्ही म्हणता ते मी आधी करून पाहिलं. मार्चमध्ये एक कृष्णधवल रोल आणला. अंधारात फिल्म स्पूलवर चढवताना आण्णांचे हात थरथरतात, दोन ठिकाणी फिल्म एकमेकीला चिकटली आणि ते फोटो गेले. ते काही बोलले नाहीत, पण नंतर रोल नको म्हणाले. कलर रोल बाहेरगावी पाठवावा लागतो, यायला तीन आठवडे जातात. ७९ वर्षांच्या माणसाला एका फोटोसाठी तीन आठवडे थांबवायचं माझ्या मनाला पटत नाही.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा) | १० जून, सकाळी ९:३१

सोपा रस्ता सांगू का? सेन्सर कॅमेऱ्यात घालण्याऐवजी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर लावा. पेंटॅक्सच्या के माउंटपासून, म्हणजे लेन्स बसते त्या कड्यापासून, फिल्मपर्यंतचं अंतर ४५.४६ मिमी. सोनीच्या ई माउंटचं १८. म्हणजे मध्ये २७.४६ मिमीची पोकळ नळी, काच लागत नाही. मी सोनी ए-सेव्हनवर अशीच जुनी ५० मिमी वापरतो. कासला गेलो की हीच जोडी गळ्यात. लेन्स आण्णांची, रिंग आण्णांची, सेन्सर पूर्ण ३६ बाय २४.

तुमच्यासारखा विचार करणारे आधीही झालेत आणि त्यात मोठमोठ्या कंपन्या थकल्या, म्हणून हे सुचवतोय. १९९१ मध्ये कोडॅकने निकॉन एफ-३ च्या पाठीला १.३ मेगापिक्सेलचा सेन्सर लावून विकला. त्याची हार्ड डिस्क आणि बॅटरी वेगळ्या पेटीत खांद्याला लटकवावी लागे. पुढे सिलिकॉन फिल्म नावाच्या कंपनीने रोलच्या डबीच्या आकाराची डिजिटल फिल्म आणतो असं जाहीर केलं, गाजावाजा झाला, आणि २००१ मध्ये कंपनीच बंद पडली. लायकाने आर-८ आणि आर-९ साठी २००५ मध्ये १० मेगापिक्सेलची डिजिटल पाठ खरोखर बाजारात आणली, पण ती फक्त त्या दोन कॅमेऱ्यांपुरती. अलीकडे आय'म बॅक नावाचा स्विस प्रकल्प आहे. त्यांच्या 'आय'म बॅक फिल्म' या संचात मायक्रो फोर थर्ड्स सेन्सर आहे, म्हणजे फ्रेमची रुंदी निम्मीच.

घोडं अडतं ते जागेपाशी. फिल्म ही कागदाइतकी पातळ पट्टी, ती कॅमेऱ्याच्या आतल्या चौकोनी खिडकीला मागून टेकते. सेन्सरला चारी बाजूंनी चौकट, वर काच, मागे बोर्ड. ३६ बाय २४ चा सेन्सर त्याच्या चौकटीसकट ३६ बाय २४ च्या खिडकीत मावणार कसा? म्हणून छोटा सेन्सर घ्यावा लागतो, आणि छोटा घेतला की लेन्सची दृष्टी अरुंद होते. तुमच्या सेन्सरचा कर्ण साधारण ७.९ मिमी, फिल्मच्या फ्रेमचा ४३.३. भागाकार साडेपाच. आण्णांची ५० मिमी म्हणजे २७५ मिमीची टेलिफोटो झाली की हो.

घाटावरचा | १० जून, दुपारी १:५०

इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल खरंच आभार. नळीचा रस्ता माहीत आहे, मित्राच्या मिररलेसवर, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर, लावूनही पाहिलं. आण्णा पडद्याकडे बघून म्हणाले, "हे टीव्हीसारखं दिसतंय." आरशातून येणारं चित्र, आरसा उडाल्याचा आवाज, अंगठ्याने लिव्हर ओढणं, यातलं काहीच तिथे नाही. त्यांना लेन्सपेक्षा कॅमेऱ्याची सवय आहे.

२७५ मिमी चालेल. मी हिशोब मांडला. पाच मीटरवर उभ्या माणसाकडे ५० मिमी रोखली, तर या सेन्सरवर ६३ बाय ४७ सेंटिमीटरचा भाग येतो. कॅमेरा उभा धरला की डोक्यापासून छातीपर्यंतचा माणूस. आण्णांनी आयुष्यभर पासपोर्टच काढलेत. फक्त स्टूल थोडं लांब ठेवायचं.

कुपवाड शेड (सांगली) | १० जून, संध्याकाळी ७:१५

धूसर का येतंय ते मी सांगतो, आमचा धंदाच मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा हाय.

अजिंक्यताऱ्याखाली यांनी ४५.४६ आकडा दिला, तो विसरू नका. लेन्स बसते त्या कड्यापासून सेन्सरच्या पृष्ठभागापर्यंत तेवढंच अंतर पाहिजे. सेन्सरच्या पृष्ठभागापर्यंत म्हणतोय, वरच्या काचेपर्यंत नव्हे. प्रिंट केलेल्या प्लास्टिकच्या दारावर हे जमायचं नाही. उन्हात ठेवलं की प्लास्टिक हलतंय.

किती हललं तर चालतं बघा. फिल्मवर ०.०३ मिमीचा ठिपका डोळ्याला टोकदार वाटतो. एफ/२ ला, म्हणजे या लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं असताना, फिल्म ०.०६ मिमी पुढे-मागे झाली तरी फोटो खपतो. तुमच्या सेन्सरचा एक पिक्सेल १.५५ मायक्रॉनचा. चार-चार पिक्सेल मिळून एक धरला तरी ३.१. म्हणजे एफ/४ ला तुम्हाला सूट फक्त १२ मायक्रॉनची. माणसाचा केससुद्धा त्याच्या कितीतरी जाड असतो.

तर प्लास्टिकवर भरवसा नको. ३ मिमीची ॲल्युमिनियमची पट्टी घ्या, तिच्यावर बोर्ड बसवा, तीन कोपऱ्यांत तीन बारीक स्क्रू आणि खाली स्प्रिंग. पट्टी फिल्म ज्यांवर टेकून सरकते त्या रुळांवर टेकली पाहिजे, दारावर नव्हे, कारण कंपनीने माप धरून घासलेत ते रूळच. दार फक्त उजेड अडवायला. मग शटर बी वर ठेवून (बटण दाबलेलं असेतो ते उघडं राहतं) केबल रिलीज अडकवा, लेन्स अनंतावर, समोर चार-पाच किलोमीटरवरचा टॉवर, आणि पायचं चित्र फोनवर बघत तिन्ही स्क्रू पाव-पाव आटा फिरवा. चारी कोपरे एकाच वेळी टोकदार झाले की स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब.

त्याआधी एक काम. सेन्सर काढून रुळांवर ट्रेसिंग पेपर ताणा, शटर बी वर उघडा आणि कागदावरचं चित्र भिंगाने बघा. बघायच्या खिडकीतून टोकदार दिसतं तेव्हा कागदावरही टोकदार पाहिजे. तिथेच फरक पडला तर आरसा किंवा काच जागेवर नाही, मग सेन्सरला दोष देऊन उपयोग नाही.

पट्टी मी कापून देतो. पैशाचं नाव काढू नका, आमच्या लग्नाचे फोटो गणपती पेठेतच निघालेत. दुकान कुठलं ते मी ओळखलंय.

घाटावरचा | १० जून, रात्री ९:०२

दादा, काय लिहू सुचत नाही. उद्या शेडवर येतो.

मिरजेची तार (मिरज) | ११ जून, सकाळी ८:४४

गुलाबी उसाचं उत्तर. त्या एचक्यू कॅमेऱ्याचं लेन्स बसवायचं धातूचं घर तुम्ही काढून टाकलं असणार, नाहीतर तो पेंटॅक्सला लागलाच नसता. अवरक्त किरण अडवणारी काच त्या घरातच चिकटवलेली असते. घर गेलं, काचही गेली. हिरवी पानं अवरक्त उजेड भरपूर परत फेकतात. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही, सिलिकॉनला दिसतो. म्हणून ऊस गुलाबी, आणि काळं सुती कापडही तपकिरी-जांभळं आलं असेल.

सेन्सरसमोर नवी काच बसवायच्या फंदात पडू नका. लेन्स आणि सेन्सरच्या मध्ये काच आली की फोकस काचेच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश मागे सरकतो. १ मिमीच्या काचेला ०.३३ मिमी. कुपवाडच्या दादांनी बारा मायक्रॉनपर्यंत आणलेलं सगळं तिथे वाहून जाईल. शिवाय शटरचा पडदा तिथून जवळच असतो, काच त्याला घासली तर पडदा फाटेल. लेन्सच्या पुढे ४९ मिमीच्या आट्यावर अतिनील-अवरक्त अडवणारा फिल्टर लावा. तिथे काच कितीही जाड असली तरी फोकस हलत नाही, कारण लांबून येणारे किरण तिथे जवळपास समांतर असतात.

आणि एफ/८, एफ/११ ची सवय सोडायला लागेल. एवढ्या बारीक पिक्सेलवर एफ/८ ला प्रकाशाचा ठिपकाच साधारण १०.७ मायक्रॉनचा होतो, म्हणजे सात पिक्सेल रुंद. छिद्र लहान करत गेलात तर चित्र मऊ होत जाईल. एफ/२.८ ते एफ/४ च्या पुढे जाऊ नका. उन्हात शटर वाढवा.

कृष्णामाई (वाई) | ११ जून, दुपारी ३:१०

सगळं वाचतेय आणि डोळे भरून येतायत. माझे वडील गेले, त्यांचा आग्फा क्लिक-थ्री माझ्याकडे आहे. त्याचं असं काही करता येईल का? लेन्सवर बुरशीची जाळीही आलीय. आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या साड्यांनासुद्धा बुरशी येते.

मिरजेची तार | ११ जून, दुपारी ४:२६

ताई, आधी बुरशी. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया समप्रमाणात मिसळून कापसाच्या बोळ्याने काचेवर हलकं फिरवा, मग स्वच्छ पाण्याचा बोळा, मग कोरडा. खिडकी उघडी ठेवा, वास उग्र असतो. काच कोरली गेली असेल तर डाग राहील, तो खरवडू नका. नंतर कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा, चामड्याच्या पाकिटात नको. चामडं ओल धरतं.

क्लिक-थ्रीमध्ये सेन्सर घालू नका असं माझं मत. त्याची फ्रेम ६ बाय ६ सेंटिमीटर, तिथे आपला नखाएवढा सेन्सर म्हणजे अंगणात रांगोळीचा एक ठिपका. चित्राचा मधला तुकडाच येईल, आणि त्या कॅमेऱ्याची गोडी कडेच्या मऊपणात आहे. १२० चा रोल मिळतो, बारा फोटो येतात. वर्षातून एक रोल काढा, वडिलांच्या पुण्यतिथीला काढा.

कृष्णामाई | ११ जून, रात्री ८:०५

पुण्यतिथीचं मनाला लागलं. तसंच करीन.

शून्य-एक (सांगली) | १२ जून, रात्री १:३७

काका, मी वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला तिसऱ्या वर्षाला आहे. काळ्या फोटोचं कोडं दोन रात्री डोक्यात होतं.

हॉट-शूचा संपर्क फ्लॅशसाठी असतो. पहिला पडदा पूर्ण उघडला की तो जुळतो. के-१००० चा पडदा कापडी, आडवा धावणारा, फ्लॅशचा वेग १/६०. १/१२५ ला संपर्क जुळतो तोवर दुसरा पडदा निघालेलासुद्धा असतो. त्यानंतर तुम्ही पायला सांगता, फोटो काढ. एसटी फलाटावरून निघाल्यावर हात करण्यासारखं आहे हे. पाय जागा होऊन सेन्सर चालू करेपर्यंत आत पुन्हा अंधार.

शिवाय हा सेन्सर सगळं चित्र एका क्षणी वाचत नाही, ओळीमागून ओळ वाचतो. पूर्ण १२ मेगापिक्सेलला तो सेकंदाला दहाच फ्रेम देतो, म्हणजे पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जायला सेकंदाचा दहावा भाग. तुमचे अर्धे फोटो त्यामुळे.

म्हणून उलटं करा. सेन्सरला कधी थांबवूच नका. शटर बंद असताना आत अंधारच असतो. सेन्सर अर्ध्या-अर्ध्या सेकंदाच्या फ्रेम सतत घेत राहू दे, काळ्या आल्या की फेकून द्या. आण्णांनी बटण दाबलं की उजेडाची एक झुळूक आत जाईल आणि ती चालू असलेल्या फ्रेममध्ये पडेल. हॉट-शूचा संपर्क फोटो 'सुरू कर' सांगायला वापरू नका, 'आत्ता झाला' एवढं कळायला वापरा.

झुळूक नेमकी एक फ्रेम संपून दुसरी सुरू होताना आली तर काही ओळींचा उजेड पहिल्या फ्रेममध्ये आणि उरलेल्या ओळींचा दुसऱ्या फ्रेममध्ये जाईल. तिथेच मी अडलो होतो. मग आज पाऊस आला आणि आमच्या खोलीचं छप्पर गळायला लागलं. गळतीखालचं भांडं बदलताना काही थेंब जुन्या भांड्यात पडतात, काही नव्या. दोन्हींचं पाणी एकत्र ओतलं की सगळं मिळतं. तसं, खूण आलेली फ्रेम आणि तिच्या आजूबाजूच्या फ्रेम घ्यायच्या, काळी पातळी, म्हणजे पूर्ण अंधारातही सेन्सर देतो तो आकडा, वजा करायची आणि बेरीज करायची. बाकी सगळा अंधारच असल्यामुळे बेरजेत काही बिघडत नाही. रॉ, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या स्वरूपात घ्या, आपोआप एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स दोन्ही बंद करा, नाहीतर अंधार बघून पाय आपल्या मनाने उजेड वाढवत बसेल.

२०२८ बाय १५२० चा मोड वापरा, म्हणजे साधारण तीन मेगापिक्सेल. वाचन झटपट होतं, आणि जुन्या लेन्सला त्याहून बारीक तपशील देणं तसंही अवघडच. कोड मी लिहितो. मला कॅमेरा एकदा हातात घेऊ द्या, एवढंच.

कुपवाड शेड | १२ जून, सकाळी ६:५०

पोरा, शाब्बास. गळक्या छपराचं काही करू, निरोप पाठव.

फिल्लमबाज | १२ जून, सकाळी १०:१५

मी पहिल्या दिवशी विरोध केला होता. तुम्ही कॅमेरा न कापता करताय, मूळ दार जपून ठेवलंय, हे वाचून माझा विरोध उरला नाही. आता एक गोष्ट माझ्याकडून. सेन्सर सतत उघडा राहणार असेल तर पडद्याची भोकं तपासा. कापडी पडद्याला वयानुसार सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. त्यातून झिरपलेला उजेड तुमच्या बेरजेत मिसळेल. लेन्स काढा, आरसा बोटाने अलगद वर धरा, पडद्यावर टॉर्च मारा आणि मागून अंधारात बघा. चांदणी दिसली तर तिथे काळ्या लवचिक रंगाचा अगदी पातळ हात. जाड थर दिला तर पडदा जड होऊन वेग बदलतो.

दाराच्या खाचेतला जुना फोमही बघा. चाळीस वर्षांत त्याचा चिकट डांबरासारखा लगदा झालेला असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढा आणि खाचेत काळी लोकर बसवा. साधी विणायची लोकर, दुहेरी पदर. मी सगळ्या कॅमेऱ्यांना तीच लावलीय.

घाटावरचा | ३० जून, रात्री ११:५८

अठरा दिवस गप्प होतो, कारण सांगण्यासारखं झाल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

पट्टी दादांनी कापून दिली. टॉवरवर फोकस लावायला तीन संध्याकाळी गेल्या, कारण ढग उतरले की टॉवर गायब. एका कोपऱ्यात पट्टीखाली लोकरीचा तंतू अडकला होता, तो निघाल्यावर चारी कोपरे एकदम जागेवर आले. पडद्याला दोन भोकं सापडली, दोन्ही बुजवली. पुढे ४९ मिमीचा फिल्टर लावला आणि ऊस हिरवा झाला. शून्य-एक दोन रविवार आमच्याकडे जेवायला होता. त्याच्या कोडने पहिल्याच दिवशी १/२५० ला पूर्ण फ्रेम आली, चौथ्या फोटोला झुळूक दोन फ्रेममध्ये विभागली गेली आणि बेरीज करून सांधा कुठे आहे ते शोधूनही सापडला नाही. पाय आणि बॅटरी तळाच्या ट्रायपॉडच्या आट्याला लावलेल्या चपट्या डबीत आहेत. चालू करून वीसेक सेकंद थांबावं लागतं. आण्णा म्हणाले, फ्लॅश चार्ज व्हायला याहून जास्त वेळ लागायचा.

बघायच्या खिडकीच्या काचेला मी हात लावला नाही. सेन्सर कुठला भाग बघतो ते कळावं म्हणून आण्णांना सांगितलं, मधल्या वर्तुळाच्या आसपासचंच येणार. त्यांनी दोन फोटो बघितले आणि तिसऱ्यापासून अंदाज चुकला नाही.

आज त्यांना हरिपूरला संगमावर नेलं. वारणेचं पाणी गढूळ, कृष्णेचं अजून निवळ, दोन्ही रंग बराच वेळ शेजारी-शेजारी वाहत होते. आईला पायरीवर बसवलं आणि आण्णा मागे-मागे जात सहा-सात मीटर लांब गेले. हात थरथरतात, पण डोळा खिडकीला लागला आणि कोपर छातीला टेकलं की थरथर थांबते, हे मी आज पहिल्यांदा पाहिलं. आईला म्हणाले, "हनुवटी जरा खाली." हे वाक्य मी पाच वर्षांत ऐकलं नव्हतं.

फोटो मी लगेच फोनवर दाखवायला गेलो तर त्यांनी हात केला, नंतर बघू. लिव्हर ओढत राहिले. संगमेश्वराच्या देवळाची पायरी, होडीवाला, एक बगळा. बगळ्याला २७५ मिमी कामाला आली. मोजणीचा काटा ३६ वर गेला, तेव्हा लेन्सला टोपण लावून म्हणाले, "रोल संपला. घरी चल, धुवायला घेऊ."

घरी आल्यावर दिवा बंद करायला लावला आणि अंधारातच संगणकावर एकेक फोटो बघितला. आईच्या फोटोपाशी बराच वेळ थांबले. म्हणाले, उजव्या गालावर उजेड एक स्टॉप जास्त झालाय, पुढच्या वेळी पंधरा मिनिटं आधी जाऊ.

शून्य-एकला निरोप: ३६ झाले की नवा कप्पा आपोआप उघडेल असं करशील का? कप्प्याचं नाव 'रोल २', 'रोल ३' असं हवं, तारीख नको. ते रोलच म्हणतात.

आणि एक मागणी आहे. आण्णांना चौघांचा ग्रुप काढायचाय, ५० मिमीवर त्यासाठी रस्ता ओलांडून समोरच्या अंगणात जावं लागतं. के माउंटची २८ मिमी कुणाकडे पडून असेल तर विकत घेईन. या सेन्सरवर ती १५४ मिमीसारखी वागेल, पाच मीटरवर ११२ बाय ८४ सेंटिमीटर येईल. अजून थोडं मागे सरकलं की खांद्याला खांदा लावून चौघं मावतील.

शून्य-एक | १ जुलै, रात्री १२:२०

उद्या करतो काका. काटा वाचायची सोय नाही, पण हॉट-शूच्या खुणा मोजता येतात. छत्तिसावी आली की नवा रोल.

अजिंक्यताऱ्याखाली | १ जुलै, सकाळी ८:४०

मी नळीचा रस्ता सुचवला होता. वाचून झाल्यावर माझी जोडी टेबलावर समोर ठेवून बराच वेळ बसलो. साताऱ्यात कधी आलात तर आण्णांना घेऊन माहुलीच्या घाटावर जाऊ. तिथेही संगम आहे, कृष्णा आणि वेण्णा.

मिरजेची तार | १ जुलै, सकाळी ९:१२

२८ मिमी एफ/२.८ आहे माझ्याकडे, पेंटॅक्सचीच. छिद्राच्या पात्यांवर थोडं तेल आहे, ते साफ करून ठेवतो, दोन दिवस द्या. विकायची नाही, वापरायला न्या. रविवारी सकाळी दहाच्या आत मिरजेला या, दर्ग्याच्या मागच्या गल्लीत, सतारमेकरांची दुकानं सुरू होतात तिथे चहाच्या टपरीवर थांबा. कॅमेरा आणा, आण्णांनाही आणा. सतारीच्या भोपळ्यांवर सकाळचा उजेड चांगला पडतो.